आपल्या घराची तपासणी

शेतकरी बैलाचा खूर रोज पाहतो. विहिरीवरील पंपाचा आवाज थोडासा बदलला तरी तो कान टवकारतो, आणि विळ्याची धार गेली म्हणजे सुगीची वाट न पाहतां ती लावून घेतो. परंतु ज्या घरांत तो व त्याचीं मुलेंबाळें रात्रीं निजतात, त्या घराच्या भिंतींकडे व आढ्याकडे तो वर्षानुवर्षें मान वर करून पाहत नाहीं. घर एकदां बांधलें कीं झालें, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज खोटा आहे व त्याची किंमत फार मोठी पडते, हें आजच्या पाठांत आम्ही दाखविणार आहों.

घर एकाएकीं पडत नाहीं. पडण्यापूर्वीं तें कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें, आपली अवस्था सांगत असतें. भिंतीवरील ओलीचा डाग, कोपऱ्यांतील बारीक चीर, उंबरठ्यास घासूं लागलेलें दार, वाशाखालीं पडलेला पिठासारखा भुगा, हीं सर्व त्याचीं लक्षणें होत. वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो, तसें घराच्या धन्यानें व धनिणीनें ह्या लक्षणांवरून घराचा रोग ओळखावयास शिकावें. ह्यास मोठी विद्या लागत नाहीं. डोळे, हात आणि थोडी नियमितता एवढेंच लागतें.

एका घराची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत घडलेली गोष्ट येथें सांगतों. घर दगडमातीचें, तीन खणांचें, वर धाबें. मागील भिंत बाहेरच्या अंगास किंचित् फुगली होती. घरांतील म्हातारी आजी तेथें गोवऱ्या रचीत असे, त्यामुळें ही गोष्ट प्रथम तिच्या लक्षांत आली. ती मुलास म्हणाली, “बाबा, भिंतीनें पोट काढलें आहे रे. गवंड्याला बोलाव.” मुलगा म्हणाला, “आई, माझ्या लहानपणापासून ती तशीच आहे. आतां पेरणीचे दिवस, हातांत पैसा नाहीं. दसरा होऊं दे, मग पाहूं.”

आजी पुढें बोलली नाहीं. पण तिनें एक युक्ति केली. फुगलेल्या भागासमोर जमिनींत एक खुंटी ठोकून, खुंटी व भिंत ह्यांमध्यें तिनें बरोबर चार बोटें अंतर ठेविलें. श्रावण संपला तेव्हां दोन बोटें राहिलीं. भाद्रपदांत तीन दिवस झड लागली असतां तिनें पुन्हां जाऊन पाहिलें, तों मध्यें एक बोटहि शिरेना. त्या संध्याकाळीं तिनें कोणास न विचारतां नातवंडांचीं अंथरुणें पुढल्या खणांत नेलीं. सून म्हणाली, “आत्याबाई, पुढें गळतें, पोरें भिजतील.” ती म्हणाली, “भिजलीं तर वाळतील, बाई.” मध्यरात्रीं भिंत बाहेर कोसळली व तिच्यावर टेकलेलें धाबें आंत आलें. एक शेळी मेली आणि धान्याची कणगी मातींत गेली. माणूस एकहि दुखावलें नाहीं.

मुलानें पुढें आम्हांस सांगितलें कीं, ज्येष्ठांत गवंड्याचे थोडे दिवस व दोन गाड्या दगड एवढ्यावर जें काम भागलें असतें, त्याकरितां त्यास कर्ज काढावें लागलें, आणि तें फेडावयास त्याचीं तीन पिकें गेलीं. आजीजवळ ना पुस्तक होतें ना शिक्षण. तिनें पाहिलें, तिनें मोजलें, आणि तिनें पुन्हां जाऊन पाहिलें. घराच्या तपासणीचें बहुतेक शास्त्र ह्या तीन गोष्टींत आहे.

ही रीत फार जुनी आहे. लेवीयाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीस चट्टा पडल्यास काय करावें ह्याचा विधि सांगितला आहे. तो धर्मविधि होय हें खरें. तथापि तपासणीचा क्रम त्यांत किती नीट आहे तें पाहा. घराचा धनी स्वतः जाऊन सांगतो कीं, मला माझ्या घरांत असें असें कांहीं दिसतें. याजक भिंती पाहून घर सात दिवस बंद ठेवितो व सातव्या दिवशीं पुन्हां येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून बाहेर टाकितात, आंतून भिंत खरवडितात, दुसरे दगड बसवून नवा गिलावा करितात. एवढें करूनहि तो पुन्हां उठला, तरच घर पाडितात. धन्यानें स्वतः सांगणें, दोनदां पाहणें, रोगी भाग तेवढा काढणें, व उपाय लागू पडला कीं नाहीं हें पुन्हां पाहणें, ह्या चार पायऱ्या आजच्या इंजिनियरासहि सोडतां येत नाहींत.

तपासणी केव्हां व कशी करावी

वर्षांतून दोन वेळां घर पाहावें. पहिली तपासणी मे महिन्याच्या आरंभीं, म्हणजे मृग लागण्यापूर्वीं निदान एक महिना. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आठवडाभर आधीं सर्व गांव जागा होतो, मग गवंडी मिळत नाहीं, कौलें महाग होतात, आणि घातलेली माती वाळावयास दिवस राहत नाहींत. दुसरी तपासणी पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या पुढेंमागें करावी. कारण त्या वेळीं ओलीचे डाग ताजे असतात व पाणी कोणत्या वाटेनें आलें हें भिंतच दाखविते.

ह्याखेरीज एक लहान तपासणी पहिल्या मोठ्या पावसांत करावी. पाऊस चालू असतांना बॅटरी घेऊन आढ्याकडे पाहावें, आणि जेथें थेंब दिसेल तेथें कोळशानें खूण करावी. उन्हाळ्यांत गळती शोधणारा अंधारांत चाचपडतो. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी कीं, थेंब जेथें पडतो त्याच्या नेमकें वरच भोंक असतें असें नाहीं. पाणी वांशाच्या अंगानें कित्येक हात वाहत येऊन मग खालीं टपकतें. म्हणून खुणेपासून वर, चढाच्या दिशेनें, ओल शोधीत जावें.

साहित्य थोडेंच लागतें: एक बॅटरी, पोतें शिवावयाचा दाभण, लांब दोरीस बांधलेला दगड म्हणजे घरगुती ओळंबा, पेन्सील, आणि एक वही. शिडीवर चढणाराची शिडी खालीं दुसऱ्या माणसानें धरावी. जुन्या कौलांवर किंवा पत्र्यावर उभे राहूं नये. आडवी फळी टाकून तिच्यावर बसावें.

पहिला भाग: छप्पर

आमच्या वाचकांपैकीं दख्खनांतील पुष्कळांचीं जुनीं घरें अद्यापि धाब्याचीं आहेत. तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर किलचण, आणि सर्वांवर पांढरी माती, अशी त्याची रचना असते. धाबें उन्हाळ्यांत थंड राहतें हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचें ओझें पुष्कळांस ठाऊक नसतें. एक घनफूट मातीचें वजन सुमारें ४५ किलो भरतें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खणावर एक फूट जाडीची माती असली, तर लांकडांवर ४,५०० किलो म्हणजे ४५ क्विंटल भार झाला, आणि पावसांत भिजल्यावर तो आणखी वाढतो. दरसाल गळतें म्हणून वर एक इंच नवी माती घालितात व जुनी काढीत नाहींत. तेव्हां त्याच खणावर दर वर्षीं पावणेचार क्विंटल भर पडते. आजोबांनीं अर्धा फूट घातलेली माती नातवाच्या काळीं दीड फूट होते, आणि लांकूड मात्र आजोबांचेंच असतें. म्हणून नियम असा कीं, जितकी नवी माती घालावयाची तितकी जुनी आधीं खरवडून काढावी. उतार पन्हळीकडे आहे कीं नाहीं, पन्हळ तुंबली नाहीं ना, धाब्यावर गवत माजून मुळ्यांच्या वाटेनें पाणी उतरत नाहीं ना, हें पाहावें. खालून तुळईच्या दोन टोंकांस दोरी ताणून धरावी. मध्यें तुळई दोरीखालीं किती उतरली तें मोजून वहींत लिहावें.

कौलारू घराचें परीक्षण सोपें आहे. भर दुपारीं दारेंखिडक्या लावून आंत उभे राहावें. जेथें जेथें उजेडाचा कण दिसेल तेथें तेथें कौल सरकलें किंवा फुटलें आहे. नळीचीं कौलें वानरांनीं व मांजरांनीं सरकतात, म्हणून दरसाल शाकारणी करावीच लागते. मंगळुरी कौलें एकमेकांत अडकून बसतात म्हणून तीं अधिक टिकतात. (ह्या कौलांचा कारखाना बासेल मिशनानें १८६५ सालीं मंगळूर येथें काढिला, व तेथून तीं सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं.) परंतु तींहि आढ्याजवळ व वळचणीस सुटतात. एका कौलाची किंमत थोडी असते. त्याच्या फटींतून तीन पावसाळे पाणी गेलें तर त्याखालचा वांसा व भिंतीचा माथा हीं दोन्ही जातात.

पत्र्याच्या छप्परास दोन रोग: गंज व वारा. पत्रा जेथें पत्र्यावर चढतो तेथें पाणी अडून गंज धरतो. खिळ्याखालची चकती सुकून तडकली कीं त्याच भोंकांतून गळतें. वाऱ्याचें काम निराळें आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां कोंकणांत हजारों घरांचीं छप्परें उडालीं. वारा कडेस जेथें पत्रा सैल असतो तेथें शिरतो, तो उचलतो, आणि मग एकामागून एक पत्रे सोलीत जातो. ह्यास्तव कडेचे व कोपऱ्याचे पत्रे हातानें हालवून पाहावे, आणि वांसे भिंतीस किंवा खांबास लोखंडी पट्टीनें जखडलेले आहेत कीं नुसते टेकलेले आहेत हें पाहावें. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचें असल्यास तो पत्रा घरच्याघरीं फोडूं नये व कापूं नये. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतें, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

गच्ची किंवा स्लॅब असलेल्या घराचे धनी आपणांस निर्भय समजतात. परंतु स्लॅबच्या पोटांत लोखंड असतें, आणि त्यास पाणी व हवा लागली कीं तें गंजतें. गंजलेलें लोखंड फुगतें व आपल्याभोंवतालचें काँक्रीट फोडून काढितें. छताला लांब सरळ चीर, तांबूस डाग, मग पोपडा, आणि शेवटीं उघडी सळई, असा हा रोग पायरीपायरीनें वाढतो. पहिल्या पायरीस गच्चीवरील पाणी बंद केलें तर थोडक्यांत भागतें. सळई उघडी पडल्यावर वरून नुसतें सिमेंट थापणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय.

दुसरा भाग: भिंती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लींचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत किल्लारीच्या आसपास भूकंप झाला व सुमारें ८,००० माणसें मेलीं. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. लोक गणपतिविसर्जन करून उशिरां निजले होते. माणसें मेलीं तीं बहुतेक आपल्याच घरांच्या भिंतींखालीं व धाब्यांखालीं. त्या भिंती कांहीं बारीक नव्हत्या. दोन फूट, तीन फूट व त्याहूनहि जाड होत्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असें सर्व समजत. वस्तुतः अशी भिंत ही एक भिंत नसते, दोन असतात: एक आंतली, एक बाहेरची, आणि मध्यें माती व दगडगोट्यांची भर. दोहोंस बांधणारे आरपार दगड नसले तर वरून मुरलेल्या पाण्यानें मधली भर खालीं बसते, बाहेरची बाजू फुगते, आणि भूकंप नसला तरी एखाद्या झडींत ती सुटून पडते. आमच्या गोष्टींतील आजीनें पाहिलेलें “पोट” तें हेंच. ज्या घरांत छप्पराचा भार भिंतींवर नसून लांकडी खांबांवर होता, त्यांतील पुष्कळ ठिकाणीं भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर उभें राहिलें, हेंहि त्या वेळीं दिसून आलें.

म्हणून भिंतीचें पोट मोजावें. ओळंबा वरून सोडून दोरी व भिंत ह्यांमधील अंतर वर, मध्यें व खालीं अशा तीन ठिकाणीं मोजावें व लिहून ठेवावें. पुढच्या तपासणींत आंकडे तेच आले तर भीति थोडी. अंतर बदललें तर भिंत चालूं लागली आहे असें समजावें. नव्या भिंतींत दर दोन फूट उंचीस व दर चार फूट अंतरावर दोन्ही तोंडांपर्यंत पोहोंचणारा लांब दगड घालण्याचा नियम आहे. जुन्या भिंतींत हेंच काम एकेक दगड काढून आरपार भोंक पाडून, त्यांत टोंकें वळविलेली सळई घालून व काँक्रीट भरून करितां येतें. तें मात्र जाणत्या माणसाकडूनच करवावें.

आतां चिरांविषयीं. सगळ्या चिरा सारख्या नसतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असल्या तर तो बहुधा गिलावाच वाळतांना आकसलेला असतो. त्याचें भय नाहीं. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यांत उभी चीर असली तर भिंती एकमेकींस सोडूं लागल्या आहेत. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघाली तर बहुधा पाया एका अंगास खचत आहे. छप्पराखालीं आडवी चीर असली तर वरील भार भिंतीस बाहेर ढकलीत आहे. चीर कोणतीहि असो, तिच्या दोन्ही टोंकांस पेन्सिलीनें आडवी रेघ ओढून तारीख लिहावी, आणि मध्यें कागदाची पट्टी डकवावी. पट्टी फाटली किंवा चीर रेघेपुढें गेली, तर ती जिवंत आहे. मेलेली चीर बुजवावी. जिवंत चिरेचें कारण आधीं शोधावें, मग ती बुजवावी. कारण न शोधतां जिवंत चीर लिंपणारा मनुष्य घराचें तोंड बंद करितो, रोग बंद करीत नाहीं.

मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची चाल फार वाढली आहे. तो दिसतो छान. परंतु मातीची भिंत श्वास घेणारी असते. सिमेंटास एक बारीक चीर पडली कीं तिच्यांतून पाणी आंत जातें, आणि बाहेर निघावयास वाट राहत नाहीं. आंतली माती लोण्यासारखी मऊ होते व वरून घर नवें दिसतें. अशा गिलाव्यावर बोटाच्या पेरानें ठोकीत जावें. जेथें भोपळ्यासारखा पोकळ आवाज येईल तेथें गिलावा भिंतीपासून सुटला आहे. मातीच्या भिंतीस शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा. तो दरसाल थोडा करावा लागतो, पण तो रोग लपवीत नाहीं.

तिसरा भाग: जोतें व पाणी

घराचा मुख्य शत्रु पाणी होय, व तो वरून येतो तितकाच खालूनहि येतो. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद छप्परावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें ७०० लिटर पाणी पडतें. तें सर्व पागोळ्यांनीं जोत्याच्या कडेस उतरतें. तेथें जमिनीचा उतार घराकडे असेल तर तें पाणी पायांत मुरतें. म्हणून पाऊस पडत असतांना एकदां छत्री घेऊन घराभोंवतीं फिरावें, आणि पाणी कोठें साचतें तें पाहावें. मुरूम घालून उतार बाहेर काढणें व लहानसा चर खणणें, ह्यास घरच्या माणसांचे दोन दिवस लागतात, पैसा जवळजवळ लागत नाहीं. घर वांचविण्याचा ह्याहून स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

भिंतीच्या पायथ्याशीं पांढरा लोणा फुटूं लागला, हात लावतांच माती झडूं लागली, तर जमिनींतील ओल वर चढत आहे. मोरीचें सांडपाणी, भिंतीस लागून ठेवलेला रांजण, व उकिरडा हीं ह्याचीं नेहमींचीं कारणें. घुशींचीं बिळें फारच घातक; घूस जोत्याखालची माती काढून बाहेर ढीग करिते, तो ढीग आपल्या घराच्या पायाचा असतो. बीळ नुसत्या मातीनें बुजविलें तर ती दुसऱ्या रात्रीं उकरते; दगड ठेंचून भरावे व वर काँक्रीट घालावें. भिंतीच्या फटींत पिंपळाचें, वडाचें किंवा उंबराचें रोप दोन पानांचें असतांनाच मुळासकट काढावें. दोन पानांचें रोप लहान मूल उपटूं शकतें. दोन वर्षांचें झाल्यावर तें काढावयास भिंत उकलावी लागते.

चौथा भाग: लांकूड

लांकडाचे शत्रु तीन: कुजणें, भुंगा व वाळवी. कुजलेलें लांकूड वरून धड दिसतें, म्हणून दाभण घेऊन जागोजागीं टोंचून पाहावें. धड लांकडांत दाभण अडतो. कुजक्यांत तो भाकरींत शिरावा तसा शिरतो. तुळईचें टोंक जेथें भिंतींत शिरतें तेथें अवश्य टोंचावें. कारण तेथें ओल राहते, वारा लागत नाहीं, आणि सर्व भार त्याच चार बोटांवर असतो.

भुंगा लांकूड पोखरूं लागला म्हणजे खालीं पिवळसर भुगा पडतो. तो झाडून काढावा व आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें. पुन्हां भुगा पडला असेल तर कीड जिवंत आहे. वाळवी जमिनींतून येते व भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या बांधीत चढते. एक नळी मध्यें मोडून ठेवावी. कांहीं दिवसांत ती सांधली गेली तर वाळवी नांदत आहे. नळ्या झाडून टाकिल्यानें वाळवी जात नाहीं, परंतु तिची वाट कळते. जळाऊ लांकडें, कडबा व कागदाचे गठ्ठे भिंतीस लावून ठेवूं नयेत, आणि खांबाचा पाय मातींत न पुरतां दगडावर उभा करावा. औषध मारावयाचें असल्यास माहितगाराच्या हातून मारावें; धान्य व भांडीं आधीं बाहेर काढावीं.

पांचवा भाग: वीज

विजेविषयीं थोडेंच सांगतों, पण तें विसरूं नये. ओल्या भिंतीस किंवा पत्र्याच्या दारास हात लावतां मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर मुख्य बटन ताबडतोब बंद करून वायरमनास बोलवावें. त्या दिवशीं घरांतील कोणीहि स्वतः हात घालूं नये. पत्र्याच्या कडेवर घासणारी वायर, व कपडे वाळत घालावयाची लोखंडी तार, ह्या दोन गोष्टींनीं माणसें मेलीं आहेत. तारेऐवजीं दोरी बांधावी. वीज गळूं लागतांच आपोआप प्रवाह तोडणारा स्विच मिळतो. घराचा रंग एक वर्ष पुढें ढकलावा, पण तो बसवावा.

घर केव्हां सोडावें

भिंतीचें पोट दिवसागणिक वाढत असेल, चिरेंतून पलीकडचा उजेड दिसत असेल, तुळईचें टोंक भिंतींतून सरकलें असेल, किंवा रात्रीं लांकडाचा कडकड आवाज होऊन वरून माती पडूं लागली असेल, तर त्या रात्रीं त्या घरांत निजूं नये. तात्पुरता टेकू द्यावा, तोहि दिवसां व जाणत्याच्या हातून, आणि ग्रामपंचायतीस कळवून तालुक्याच्या इंजिनियरास दाखवावें. शेजाऱ्याच्या ओटीवर काढलेल्या रात्रीची लाज वाटूं देऊं नये. ती आजी लाजली नाहीं, म्हणून तिचीं नातवंडें वांचलीं.

वही

पाहिलेलें लिहून न ठेविलें तर पाहणें अर्धें वाया जातें. नोंद लहान असावी. उदाहरणार्थ: “१० मे. मागली भिंत, चुलीच्या उजवीकडे तिरपी चीर, लांबी दीड वीत. दोन्ही टोंकांस खूण केली.” पुढें: “२० ऑक्टोबर. तीच चीर, खुणेच्या आंत आहे.” एवढें पुरे. घरांत शाळेंत जाणारें मूल असल्यास वही त्याच्याकडे द्यावी. तें आनंदानें लिहील, व पुढें हें घर त्यालाच सांभाळावयाचें आहे.

पैसा थोडा असतो, कामें पुष्कळ निघतात. तेव्हां क्रम असा ठेवावा: आधीं पाणी अडवावें, मग भार सांभाळावा, मग लांकूड, आणि रंग सर्वांच्या शेवटीं. आमच्यांतील पुष्कळ जण नाताळास घर रंगवितात व फुटकें कौल तसेंच ठेवितात. रंग पाहुण्यांकरितां असतो, कौल मुलांकरितां.

शेवटीं उपदेशकबंधूंस एक सूचना. शाळेची व प्रार्थनेची इमारत सर्वांची असते, म्हणून बहुधा ती कोणीच पाहत नाहीं. तेथें शंभर माणसें व लहान मुलें एका छप्पराखालीं बसतात. ती इमारत पाहण्याकरितां मंडळीनें दोन जण नांवानें नेमावे, वर्षांतून दोन दिवस ठरवावे, आणि त्यांची वही सर्वांसमोर वाचावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या घराचें छप्पर कोणत्या प्रकारचें आहे, व तें शेवटचें केव्हां पाहिलें?
२. पाऊस पडतांना आपल्या जोत्याजवळील पाणी कोणत्या दिशेस वाहतें?
३. जिवंत चीर व मेलेली चीर कशी ओळखावी?
४. तुळईचें टोंक आधीं कां कुजतें?
५. आपल्या गांवांत कोणतें घर पुढच्या पावसाळ्यापूर्वीं पाहिलें पाहिजे, आणि त्या घरांत एकटी म्हातारी किंवा आजारी माणूस असल्यास त्यांस मदत कोण करील?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून थांबूं नये. ह्याच आठवड्यांत शिडी घेऊन त्या घरीं जावें.